मॅडमचे हात मोकळे होते

फोन आला तेव्हा मी वॉर्डात सलाईनची बाटली बदलत होतो. मास्तरांचा फोन. मास्तर म्हणजे आमच्या डॉ. लक्ष्मी मॅडमचे यजमान, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले. "बिरू, गेली रे ती," एवढंच म्हणाले. अशा वेळी माणूस कधी, कसं असं काहीतरी विचारतो. माझ्या तोंडून निघालं, "मास्तर, हात?" मग ते म्हणाले, "मोकळे होते. शेवटपर्यंत मोकळेच होते की." आणि मग आम्ही दोघंही रडलो... कॉटवरची बाई माझ्याकडं बघत राहिली. आता या गोष्टीला काही आठवडे झाले. हात मोकळे होते याचं मला समाधान आहे, आणि हात मोकळे होते याचीच मला भीती वाटते. दोन्ही एकाच वेळी कसं, ते सांगायचा प्रयत्न करतो.

मी नर्स आहे. पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला मी पहिला पदवीधर, बी.एस्सी. नर्सिंग, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आई पाहुण्यांना सांगते, "आमचा बिरू सोलापुरात लई मोठा सायब हाय." मी म्हटलं, खरं काय ते सांग की. तर म्हणते, "मग काय सुया टोचतोय म्हणून सांगू व्हय?"

मॅडमची नि माझी ओळख भांडणातून झाली. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात उभं आयुष्य काढलेले एक आजोबा आमच्या वॉर्डात होते. ऑपरेशन चांगलं झालेलं. पण दुसऱ्या दिवशी ते मुलाला ओळखेनात, सलाईन उपटायला लागले, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून ओरडायला लागले. आमच्या गावाकडं याला वात झाला म्हणतात. कुणी बाहेरचं झालंय म्हणून लिंबू उतरवून टाकतं. दवाखान्यात आम्ही काय करायचो, तर बँडेजच्या पट्टीनं दोन्ही हात कॉटच्या दांडीला बांधायचो. सगळीकडं तसंच चालायचं. मॅडम राउंडला आल्या आणि कॉटपाशी थांबल्या. "कुणी बांधलं?" मी सरळ सांगितलं, "मी बांधलं. अख्ख्या वॉर्डाला मी एकटा आहे. सोडतो, पण मग तुम्ही बसा इथं." बरोबरच्या सिस्टरनं डोळे मिटून घेतले. मॅडमनी मात्र स्टूल ओढलं, आजोबांच्या पिशवीतून चष्मा शोधून त्यांच्या डोळ्यावर चढवला आणि खरंच बसल्या. मुलाला म्हणाल्या, "वेड लागलेलं नाही. शरीर आजारी पडलंय, त्यात मेंदू गडबडलाय. कारण सापडलं की उतरेल." कारण सापडलं. लघवी तुंबली होती. संध्याकाळी आजोबा मुलावर चहा पातळ झाला म्हणून चिडत होते. जाताना मॅडम मला म्हणाल्या, "काय बे, तोंड चांगलं चालतं तुझं. रविवारी मीटिंगला ये."

ती मीटिंग शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेची. तिच्या बऱ्याच समित्या आहेत, सगळ्या हौसेनं चालवलेल्या, पगार कुणाला नाही. वार्षिक परिषदेच्या समितीत शिरायला रांग लागते, कारण स्टेजवर बसायला मिळतं. मॅडमची समिती भ्रमावस्थेची, म्हणजे त्या आजोबांसारखं आजारपणात भान हरपलेल्या पेशंटसाठी. तिला मात्र माणूस मिळायचा नाही. बाकीचे डॉक्टर तिला 'भ्रमिष्ट समिती' म्हणून हसायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक ज्येष्ठ डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याला कुणी घेतलं आत?" माझे कान तापले. मॅडम चहाचा कप खाली न ठेवता म्हणाल्या, "मी घेतलं. पेशंटच्या उशाशी तुम्ही किती वेळ असता नि तो किती वेळ असतो, सांगता का?" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

समितीचं काम सोपं होतं आणि अवघडही. मोहोळला, चिंचोळीला, शहरातल्या लहान-मोठ्या दवाखान्यांत जायचं आणि नर्सना, नातेवाइकांना शिकवायचं. हात बांधायच्या आधी कारण शोधा. चष्मा द्या, कवळी द्या, कानाचं मशीन द्या. घरचं माणूस जवळ बसवा. आणि ओळखायचं कसं, तर तीन गोष्टी विचारा. तुम्ही कुठं आहात? आज वार कोणता? शनिवारपासून वार उलटे म्हणा. हे शिकवताना पेशंट व्हायच्या त्या मॅडम स्वतः. केस विस्कटून खुर्चीत बसायच्या, पदर ओढत "काय बे, भिंतीवर मुंग्या चालल्यात बघ" म्हणायच्या आणि वार उलटे म्हणताना बुधवारनंतर थेट रविवार गाठायच्या. सगळे पोट धरून हसायचे. मोहोळला एक नवीन सिस्टर घाबरून खरोखर बीपीचं मशीन आणायला पळाली होती. "बघा," मॅडम म्हणाल्या, "हिला नोकरीत कायम करा."

मग मागच्या वर्षी मॅडम घरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दोन-तीन दिवसांनी मी ड्यूटी संपवून भेटायला गेलो. बरोबर समितीचे सचिव डॉ. कुलदीप होते. मॅडमनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "काय बे, भिंतीवर मुंग्या चालल्यात बघ." तेच वाक्य, तोच सूर. आम्ही दोघं खळखळून हसलो. म्हटलं, पडल्या पडल्यासुद्धा आमची परीक्षा घेतायत. मीही शिकवल्याप्रमाणे विचारलं. कुठं आहात? बरोबर. वार? बरोबर. उलटे वार? "शनिवार, शुक्रवार, गुरुवार..." एकही चुकला नाही. "पैकीच्या पैकी, मॅडम," कुलदीप म्हणाले, आणि आम्ही हसतच बाहेर आलो.

बाहेर जिन्यापाशी मास्तर उभे होते. चेहरा राखेसारखा. "बिरू, ती मला 'आपण बसा' म्हणाली."

"मग काय झालं?"

"अरे, लग्नाआधीपासून ती मला 'ए मास्तर' म्हणते. आईसमोर म्हणाली, मंत्र्यासमोर म्हणाली. 'आपण बसा' ती अनोळखी माणसाला म्हणते."

परत आत गेलो. या वेळी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. मॅडमच्या मुठी चादरीखाली घट्ट आवळलेल्या होत्या. त्या माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या. माझ्या खिशाकडं बघत होत्या. ड्यूटीवरून तसाच आलो होतो मी, आणि खिशातून बँडेजचा रोल डोकावत होता. मी तो काढून बाहेर टाकून आलो. कुलदीपनी तिथल्या डॉक्टरांना बोलावलं. तपासण्या झाल्या, लघवीत जंतू निघाले, औषध सुरू झालं. हळूहळू मॅडम परत आल्या. मास्तरांना "ए मास्तर, दाढी का वाढवलीस" असं म्हणाल्या तेव्हा तो माणूस भिंतीला टेकून खाली बसला.

पुढं घरी आल्यावर त्यांनीच विषय काढला. दुपारची वेळ, मास्तर आत चहा करत होते. "मुंग्या खऱ्या होत्या, बिरू," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरे वाटत नव्हता." मी विचारलं, मग वार उलटे कसे म्हणालात? त्या म्हणाल्या, "भीतीनं. एवढं कळत होतं की चुकलं तर हा बांधणार. पाठ होतं, म्हणून म्हणत गेले. आतून नुसती थरथरत होते..." मग म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण घाबरलेल्या माणसाला पोलिसासारखं विचारत होतो, कुठं आहेस, वार कोणता. त्याला काय माहीत कशाला विचारताय?" त्याच पुढं म्हणाल्या, "पुन्हा होईल मला. एकदा झालेल्याला पुन्हा होतं, तुला माहीताय. त्या वेळी विचारू नकोस. सांग. तू कोण, मी कुठं, ते सांग. आणि हात बांधू द्यायचे नाहीत. शब्द दे." मी शब्द दिला. दिला तेव्हा शब्द सोपा होता.

पुन्हा झालं ते या वर्षी. फुप्फुसात न्यूमोनिया भरला, अतिदक्षता विभागात ठेवलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मॅडम मास्क ओढून काढायच्या. तिथल्या सिस्टर वाईट नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, "ब्रदर, तुम्ही समितीवाले, सगळं मान्य. पण मास्क निघाला की ऑक्सिजनचा आकडा कसा खाली येतो, तुम्हीच बघा. बांधू द्या की." त्यांचं खोटं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी एका अटीवर ऐकलं, कायम कुणीतरी शेजारी बसायचं. समितीतल्या सगळ्यांनी पाळ्या लावून घेतल्या. कुलदीप दवाखाना बंद करून यायचे. मास्तर तर उठायचेच नाहीत.

माझ्या पाळीची ती दुपार मला अजून सोडत नाही. मॅडमनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि ओरडल्या, "ह्याला कुणी घेतलं आत? बाहेर काढा ह्याला!" आजार बोलतोय हे मला पदवीनं शिकवलं होतं, दुसऱ्यांना मी स्वतः शिकवलं होतं. तरी आत काहीतरी तुटलं. त्यांनी माझ्या हाताला ओरबाडलं आणि मास्क उपटला. मशीन कोकलायला लागलं, आकडा उतरायला लागला. सिस्टर पट्टी घेऊन धावत आल्या. मी मास्क परत बसवला आणि म्हटलं, "नको." त्या म्हणाल्या, "काही झालं तर जबाबदारी कुणाची?" मी म्हटलं, "माझी." मी माझा तळवा मॅडमच्या हाताखाली सरकवला, वरून धरला नाही. आणि सांगत राहिलो. मी बिरू. तुम्ही सोलापुरात आहात. दवाखान्यात. मास्तर इथंच आहेत. हात मोकळे आहेत. पुन्हा पहिल्यापासून. मी बिरू... मास्क आणखी एकदा निघाला. आकडा पुन्हा उतरला, पुन्हा चढला. पहिल्याइतका चढला का? ते मी बघितलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी मास्तरांनी घरची चादर आणली, ओळखीची वस्तू जवळ असावी म्हणून. मॅडमच्याच वडिलांच्या मागावर विणलेली, जुनी, मऊ पडलेली. ती अंगावर घातली तशा त्या शांत झाल्या. मास्ककडं जाणारे हात चादरीच्या काठाशी थांबले आणि बोटं काठाच्या दशांशी, सुट्या धाग्यांशी, चाळा करायला लागली. मास्तर खूश झाले. मी नाही झालो. पेशंट पांघरुणाशी असा चाळा करायला लागला की आम्हाला कळतं, आजार आत उतरतोय. मी मास्तरांना म्हटलं, "छान झोप लागेल आता." सकाळी ड्यूटीवर गेलो, आणि मग तो फोन आला.

परवा पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मास्तरांकडं गेलो होतो. मनात एकच प्रश्न होता. हात बांधले असते, मास्क निघाला नसता, तर? डॉक्टरांनी सांगितलंय, फुप्फुसंच संपली होती, दोन-चार वेळा मास्क निघाल्यानं फरक पडला नाही. दिवसा माझा त्यावर विश्वास बसतो. मास्तरांना विचारायचा धीर झाला नाही. विचारावं लागलंही नाही. ते स्वतःच म्हणाले, "तुला खात असेल काहीतरी. मलाही खातंय." मग आत जाऊन ती चादर घेऊन आले आणि काठ माझ्यापुढं धरला.

"बघ."

काठाच्या दशा जुन्या होत्या, कितीतरी धागे तुटलेले. पण एका बाजूला, वीतभर, तुटलेले धागे जोडलेले होते. एकाला एक, बारीक गाठ मारून, कापडाच्या पोटात बसेल अशी चपटी गाठ. दिसतसुद्धा नव्हती, बोट फिरवल्यावर लागत होती.

"बापाच्या मागावर धागा तुटला की हीच सांधायची," मास्तर म्हणाले. "शाळेतून आली की दप्तर टाकायची नि मागापाशी. मी समोरच राहायचो, दारातून बघायचो. मेडिकलला गेल्यावर हात लावला नव्हता तिनं... चाळा करत नव्हती रे ती. काम करत होती."

मी तिथंच होतो, त्या बोटांकडंच बघत होतो, आणि मला फक्त आजार दिसला होता. भीती गेली का? नाही गेली. घरी येताना गाडीवर पुन्हा तो आकडा डोळ्यांसमोर आला, उतरलेला. पण तिथं बसलेलो असताना मी एक गाठ चिमटीत धरली आणि दोन्ही बाजूंनी जरा जोरातच ओढून बघितली. सुटली नाही.