फेकलेल्या ट्रेमागे एक माळ

शुभा टिपणीस गाडीत बसून माळ ओढताना दिसली की समजावं, आज हॉटेलात अन्न वाया गेलंय.

हा तिचा नेम तिनेच घालून घेतलेला. स्टुटगार्टच्या घरापासून एस-बान लोकलने बावीस मिनिटांवर, टेकडीवरच्या एका हॉटेलात ती सकाळचा नाश्ता मांडायला जायची. अकरा वर्षं देवपूजा, डबे आणि लेकीची शाळा सांभाळल्यावर, सत्तेचाळिसाव्या वर्षी लागलेली पहिली नोकरी. बुफेवर एकदा मांडलेलं परत फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, उरलं की कचऱ्यात, हा तिथला नियम. पहिल्या दिवशी ब्रेडचा भरलेला ट्रे डब्यात उपडा करताना तिने डोळेच मिटून घेतले. शेवटी तिने विठ्ठलाशी परस्पर तोडगा काढला. नियम त्यांचा, प्रायश्चित्त माझं. फेकलेल्या प्रत्येक ट्रेमागे एक माळ, परतीच्या गाडीत. रोज दोन ट्रे उरायचे, दोन माळा व्हायच्या, आणि खिडकीबाहेर बघायलाही वेळ उरायचा.

हॉटेलला लागूनच, त्याच मालकाचा कॅसिनो होता. मध्ये फक्त एक काचेचं दार. त्यावरून नवरा तिला छेडायची एकही संधी सोडत नसे. सत्यजित गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनियर, पण जीभ पक्की सदाशिवपेठी.

"धर्मराजाला जुगारापायी वनवास झाला," तो म्हणायचा, "आणि तू आपणहून निघालीस, तेही सकाळी पाच चाळीसच्या गाडीने!"

"अहो, मी वाढायला जाते, खेळायला नाही. द्रौपदीची थाळी घेऊन गेले म्हणा."

पण मनातून तिलाही ते खटकायचंच. त्या काचेच्या दारापलीकडे पाऊल टाकणार नाही, असं तिने देवापुढे कबूल केलं होतं.

नोकरी होती महिनाअखेरपर्यंत. हॉटेलच्या व्यवस्थापक फ्राउ बेंडर यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आपल्याकडे पहिल्यांदाच पूल बिलियर्ड्सची मोठी स्पर्धा होते आहे. ती जमली आणि दर वर्षी होऊ लागली, तर तुमचा करार कायमचा. नाही जमली, तर मला माणसं कमी करावी लागतील."

त्यामुळे मंगळवारी स्पर्धा सुरू झाली तेव्हा खेळाडूंपेक्षा शुभालाच जास्त काळजी होती. मोठ्या सभागृहात निळ्या कापडाची टेबलं लागली. लांबट पेट्यांत आपापल्या काठ्या घेऊन देशोदेशीचे खेळाडू उतरले, सोबत बायका, मित्र, प्रशिक्षक. एकशे साठ माणसं, एकही खोली रिकामी नाही! शुभाने पहाटे मोठ्या उत्साहाने एकशे साठ जणांचा नाश्ता मांडला. सातला कोणी आलं नाही. आठला चौघे आले. दहाला बुफे बंद झाला तेव्हा सगळे मिळून तीस जण खाऊन गेले होते.

अकरा ट्रे कचऱ्यात गेले.

त्या दिवशी परतताना चौथी माळ चालू असतानाच तिचं स्टेशन कधी आलं न् गेलं, कळलंच नाही. आठवीला ती लाइनच्या पार शेवटच्या स्टेशनवर. घरी पंधरा वर्षांची स्पृहा दारातच उभी. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच.

"वीफील माळा हॉयटे?" आज किती, असं तिने हसत विचारलं.

"अकरा," शुभा म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. "अगं, अशाने फ्राउ बेंडर माझ्याबरोबर स्पर्धेलाही कचऱ्यात टाकतील."

बुधवारी तेच. बारा ट्रे. पण बुधवारी सव्वाअकराला, ती टेबलं पुसत असताना, एक दाढीवाला पोलिश खेळाडू डोळे चोळत दारात आला आणि त्याने पोटावरून हात फिरवला. रात्री त्याचा सामना एक वाजता संपला होता. हा आत्ता उठला होता बिचारा! नियम बाजूला ठेवून शुभाने कचऱ्याकडे निघालेली उकडलेली अंडी त्याच्यापुढे केली. गड्याने उभ्याउभ्या सहा खाल्ली.

बाराला ती टेकडी उतरून स्टेशनवर आली तर डोनरच्या, म्हणजे तुर्की रोलच्या टपरीपुढे ही लांब रांग. प्रत्येकाच्या खांद्याला काठीची पेटी! आपलेच पाहुणे, आपल्या घरात अन्नाची रास, आणि उभे उपाशी दुसऱ्याच्या दारात. त्या दिवशी माळ ओढताना तिच्या ओठांवर नाम होतं, पण डोक्यात ती रांगच सरकत होती.

गुरुवारी दुपारी फ्राउ बेंडर आणि कॅसिनोचे संचालक हेर, म्हणजे श्रीयुत, लॉरेन्झ यांची बैठक होती, कॅसिनोच्या मागच्या खोलीत. कॉफी नेणारा मुलगा आजारी. म्हणून शुभाला थांबवून घेतलं आणि तिच्या हातात ट्रे आला. काचेच्या दारापाशी तिचे पाय अडले. मग ती पुटपुटली, "पांडुरंगा, कॉफी गार होतेय. बाकीचं तू बघ." आणि उजवं पाऊल आत टाकून सरळ चालू लागली. दुपारचे अडीच, आणि आत शुकशुकाट. कापसाच्या गादीसारखा गालिचा, आणि रिकाम्या टेबलांमागे जांभया देणारे कर्मचारी.

खोलीत आवाज चढले होते.

"रात्री माझ्याकडे कशी गर्दी होते पाहिलीत?" लॉरेन्झ म्हणत होते. "सामना हरलेला माणूस झोपायला जात नाही, माझ्याकडे येतो."

"तुमच्या टेबलांवर गर्दी, माझ्या कचऱ्याच्या डब्यात ब्रेड!" फ्राउ बेंडर कडाडल्या. "खोल्या मी सवलतीत दिल्या, नाश्ता त्यातच धरलेला. दुपारी माझं रेस्टॉरंट ओस. पुढच्या वर्षी ही स्पर्धा नको. झालं!"

शुभाने कॉफी ठेवली. आता मागे फिरायचं की नाही? फिरली असती तर करारही तिथेच संपला असता. ती परदेशातून आलेल्यांसाठीच्या इंटिग्रेशन कोर्समधल्या जर्मनमध्ये म्हणाली, "एक बोलू? त्यांना भूक आहे. वेळ चुकते आहे. आपली."

दोघांनी माना वळवल्या.

"मंगळवारी अकरा ट्रे फेकले, काल बारा, आज अकरा," ती म्हणाली.

"तुम्हाला इतकं नेमकं कसं माहीत?" फ्राउ बेंडरनी विचारलं. "असा हिशेब आपण ठेवत नाही."

शुभाने एप्रनच्या खिशातून माळ काढली आणि समजावलं. लॉरेन्झनी चष्मा वर केला. फ्राउ बेंडर म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासाठी तुम्ही चौतीस वेळा प्रार्थना केलीत?"

"अन्नासाठी. आणि आजच्या अकरा अजून बाकी आहेत," शुभा प्रामाणिकपणे म्हणाली, आणि मग तिची गाडी सुटलीच. नाश्ता अकरा ते तीन ठेवा. सकाळच्या तीस जणांना एक छोटं टेबल पुरेल. खेळाडू इथे जेवला की त्याची बायको इथे बसते, प्रशिक्षक बसतो, कॉफी घेतात. दोन सामन्यांत तीन-तीन तासांचं अंतर असतं. टेकडी उतरून गावात गेला की माणूस सामन्यालाच परततो. "आणि तुमचा कॅसिनो, हेर लॉरेन्झ, दुपारी आता रिकामा आहे. मी आत्ताच पाहिलं."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तिने जीभ चावली. हे काय बोलून बसले मी, आणि तेही माळ हातात धरून!

लॉरेन्झ मात्र पुढे झुकले. "गेनाऊ," ते हळूच म्हणाले. अगदी बरोबर.

शुक्रवारी अकराला दारं उघडली आणि जे झालं ते शुभाने पुढे महिनाभर सगळ्यांना सांगितलं. रांग! आपल्याच दारात रांग! पोलिश दाढीवाला सगळ्यात पुढे, सामना पाहायला आलेली गावातली माणसंसुद्धा पैसे मोजून आत. शेफ दोनदा ओरडला, "अंडी संपली!" आणि शुभाला ते आरतीसारखं गोड लागलं. शनिवारी अंतिम सामन्याच्या दिवशी तर खुर्च्या सभागृहातून आणाव्या लागल्या. चारच्या सुमाराला लॉरेन्झ स्वतः काचेचं दार ढकलून आले आणि फ्राउ बेंडरना म्हणाले, "एरवी रात्री नऊला असते तेवढी गर्दी माझ्याकडे आत्ता आहे."

फ्राउ बेंडरनी शुभाला बाजूला घेतलं. "पुढच्या वर्षीच्या तारखा मी आत्ताच दिल्या. नाश्त्याची वेळ आणि मापं तुम्ही ठरवायची. सोमवारी कायमच्या करारावर सही करायला या. आणि," त्या जरा घुटमळल्या, "ती माळ आणा. मला बघायची आहे."

घरी पोचायला तिला पुन्हा उशीरच झाला. स्पृहा दारात.

"वीफील?"

"एकही नाही! ट्रे घासून पुसून रिकामे!"

"मग स्टेशन कसं चुकलं?" आतून सत्यजितचा आवाज आला.

"अहो, तुमच्या धर्मराजाच्या दारात पाऊल टाकलं ना, त्याची एक माळ बाकी होती. ती झाली, आणि मग थांबवेना."

तिने हात धुतले, देवापुढे दिवा लावला आणि सोमवारी नेसायची साडी काढायला कपाटाकडे धावली.