चिन्नोरची मलई

आता चहा ओतलाच आहे तं आइका, पन हसाल तं कप वापस घेईन! दुसऱ्याची फजिती करायले गेली न् सोताचीच करून बसली मी. तेही कशानं? चौथी नापास बाईनं सहावीचा धडा वापरला म्हनून!

माझी नातीन रोशनी सकाळी शाळेच्या आधी मोठ्यानं वाचून राहिली होती, "मिश्रणातील पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धती. चाळणे, गाळणे, निवडणे, पाखडणे..."

"थांब वो पोरी," म्हनलं, "हे शिकवायले मास्तरले पगार भेटते? मले तं सासूनं शिव्यांसंगं फुकट शिकवलं!"

"आजी, पुढचं आइक ना. धानाचं बी मिठाच्या पाण्यात टाकलं, तर हलके दाणे वर तरंगतात, जड दाणे तळाशी बसतात..."

तेवढ्यात ऑटोवाल्यानं भोंगा वाजवला. पोरगी पुस्तक घेऊन पळाली. अर्धा धडा माझ्यापाशी राहिला, अर्धा ऑटोत गेला!

घरी दोन पायली चिन्नोरचं बी होतं. वासाचा तांदूळ, घरी खायपुरता, एका बांधीचा, म्हंजे वावराच्या एका तुकड्याचा. यंदा गुडघ्यापायी पाखडलंच नव्हतं. सून माहेरी दरेकशाले, पोरगा वावरात. मले विचारनारं कोनी नाही. म्हनलं, आज आपनच सायन्स करू!

गंजात, म्हंजे मोठ्या पातेल्यात, पानी, पान्यात मूठमूठ मीठ. बी ओतलं, हात फिरवला. अन् खरंच वो! अर्धं बी खाली, अर्धं वर.

आता तुमीच सांगा, याच्यातलं चांगलं कोनतं? दुधाची मलई कुठं राहते? वर! गावच्या सभेत मोठी मानसं कुठं बसतात? वर, खुर्चीवर! जे वर ते भारी, एवढ्यासाठी का पुस्तक लागते? वरचं बी काढलं न् सुपात वाळवलं. खालचं फेकनारच होती, तं बाजूची पुस्तकला दिसली.

नाव पुस्तकला, पन शाळेची पायरी नाही चढली कधी. माझ्या चिन्नोरवर तिचा तीन वर्षांचा डोळा. माझ्या डोक्यात किडा वळवळला.

"घे वो पुस्तकले, चिन्नोरचं बी. तुही लाव."

ती भूत पाह्यल्यासारखी पाहून राहिली. "आज सूर्य कुठून निघाला वो शेवंते?" मंग एक दाना दाताखाली धरला. "हे खारट कायले लागून राहिलं?"

"माझ्या घामाचं बी आहे! खारट नाही तं का गोड लागंन?"

घेऊन गेली बिचारी. मी पदर तोंडावर धरून एवढी हसली, एवढी हसली, का कवळी निसटून सुपातल्या मलईत पडली!

मंग पऱ्हे उगवले. पऱ्हे म्हंजे लावनीआधीची रोपं. पुस्तकलाचे असे दाट, का बगळा बसला तं दिसनार नाही. माझ्या वाफ्यात? चार काड्या इथं, दोन तिथं. आमच्या बुढ्याच्या डोक्यावर शेवटी शेवटी याच्याहून जास्त केस होते!

पोरगा म्हने, "माय, काय केलं वो बियाले? यंदा चिन्नोरची बांधी रिकामीच ठेवाची का?" सुनेनं माहेरून येऊन वाफा पाह्यला न् माझ्याशी बोलनंच टाकलं. ते तं बोलन्याहून वाईट! अन् तिकडं पुस्तकला गावभर सांगून राहिली, "शेवंतानं घरचं अस्सल बी मले देल्लं. देवमानूस आहे वो!"

शेवटी रोशनीले घेऊन गेली तिच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर. "पुस्तकले, पऱ्हे उरले तं थोड्या जुड्या दे वो."

"घे ना बाई, तुझंच बी आहे! पन तुझं काऊन नाही उगवलं?"

"पाखरानं खाल्लं," मी म्हननारच होती, तं रोशनी मधात बोलली, "आजी, तू तरंगलेलं बी लावलं का? धड्यात पुढं लिहिलं आहे ना, वर तरंगणारे दाणे पोचट असतात. ते फेकायचे, तळाचे पेरायचे!"

पुस्तकलानं कमरेवर हात ठेवले. एकदा माझ्याकडे पाह्यलं, एकदा पऱ्ह्यांकडे.

"म्हंजे तू मले फेकाचं बी देल्लं होतं, शेवंते?"

मले वाटलं, आता गाडते हे मले चिखलात! पन ती धुऱ्यावर फतकल मारून अशी हसली, का बाजूच्या बांधीतले बैल बिचकले. "घामाचं बी म्हने! घामाचं!"

जुड्या देल्ल्या तिनं. आमची बांधी लागली, सून बोलायले लागली. पन परवा बचत गटाची सभा होती. मी सवयीनं पुढच्या खुर्चीकडे निघाली, तं मागं चटईवरून पुस्तकला वरडली, "या या शेवंताबाई, वर बसा, वर! मलई आहा तुमी!"

साऱ्या बाया खदखदल्या. वर खुर्चीवर बसलेला सरपंचही उगाच संगं हसला. त्याले बिचाऱ्याले अजून पुढचा धडा कोनी वाचून नाही दाखवला!

मी आपली गुपचूप चटईवर, पार तळाशी जाऊन बसली.