साडूभाऊंची मान

डॉक्टरांवर आमच्या थोरल्या साडूभाऊंइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. कागलजवळ त्यांचं गाव, दारात चार म्हशी, आणि जे औषध म्हशीला चालतं ते माणसाला चालायलाच पाहिजे हे त्यांचं शास्त्र. एकदा सासूबाईंच्या गुडघ्याला त्यांनी म्हशीच्या लचकीवर लावायचं तेल चोळलं. सासूबाई तीन दिवस तो वास घेऊन घरभर हिंडल्या आणि गुडघा चक्क बरा झाला! तेव्हापासून तर साडूभाऊंना कुणी काही सांगायची सोयच राहिली नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मानेवर मागं गळू आलं. म्हशीचं पिकवतात तसं पीठ-हळदीचं पोटीस बांधून यांनी स्वतःचंही पिकवायला घेतलं. आपल्याला साखरेचा आजार आहे ही गोष्ट शास्त्रात बसत नव्हती, म्हणून ती सोडून दिली. ताप चढला तरी हूं नाही की चूं नाही. मेव्हणी फोनवर रडायची, मी रोज विनवायचो, आणि हे रोज 'पिकू दे की' म्हणायचे. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्यांची थोरली म्हैस मोठी मानी. धार काढताना यांनी कपाळ तिच्या कुशीला टेकल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. सातव्या दिवशी मान वाकेना, कपाळ टेकेना, आणि म्हशीनं पान्हा चोरला. बायकोच्या रडण्यानं न हललेला हा गडी तेवढ्यानं हादरला. आपणहून मला फोन केला.

"पावणं, गाडी घेऊन या. म्हस दूध देईना."

मी पोचलो तर अंग तव्यासारखं तापलेलं. वाटेत ते काहीबाही बरळायला लागले, तशी मी गाडी आणखी जोरात पळवली. कोल्हापुरात इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी साखर बघितली, मान बघितली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पू आत्ताच्या आत्ता काढायला हवा, रक्तात विष पसरलं तर जिवावर बेतेल. इकडं साडूभाऊंचा वाद सुरूच. अजून पिकलं नाही, आणि कापायचंच तर म्हशीला आम्ही उभ्यानं करतो, मलाही उभ्यानंच करा. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना पालथं निजवलं.

सुई टोचली तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"पावणं, ती दुसऱ्याच्या हाताला येत न्हाई. माझं काय बरंवाईट झालं तर तिला इकू नगासा."

एरवी मी हसलो असतो. तेव्हा मला हुंदका आवरेना.

वाटीभर पू निघाला. जखम न शिवता आत पट्टी भरून उघडीच ठेवली, ही तक्रार त्यांनी पुढं सगळ्या गावाला ऐकवली. पाच दिवसांनी घरी आले ते तडक गोठ्यात. कपाळ टेकवता येईना म्हणून कुशीवर तळहात ठेवून उभे राहिले. म्हैस बराच वेळ हुंगत राहिली, मग तिनं पान्हा सोडला.

आता कुणाला साधी पुटकुळी आली तरी ते त्याला दवाखान्यात धाडतात. मला बरं वाटतं, आणि ते तेलाचे दिवस आठवून थोडं चुकल्या-चुकल्यासारखंही होतं. पूर्वी मी निघालो की ते गोठ्यातूनच ओरडून निरोप द्यायचे. हल्ली गाडीपर्यंत येतात, खिडकीतून हात आत घालून माझा हात धरून उभे राहतात. मीही गाडी सुरू करायची घाई करत नाही.