पानाच्या मागचं नाव

माझ्या सगळ्या खोड्या आपल्याला पाठ आहेत असं बायकोला वाटतं. ही एक तिलाही ठाऊक नाही. कुणालाच नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत, नोव्हाय गावाजवळ, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ड्रॉइंगं काढायचो. शेजारच्या टेबलावर वॉल्टर. निवृत्तीला आलेला, तोंडाने फटकळ, आणि मनाने — काय सांगू? — इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. महायुद्धात तो बॉम्बर विमानांचा मेकॅनिक होता. त्याच्या तळावरचं एक विमान सरावाच्या उड्डाणात, इथेच, अमेरिकेतच, मक्याच्या शेतात कोसळलं. दहाच्या दहा पोरं गेली. शत्रू दिसलासुद्धा नाही त्यांना. मग त्यांना शूर म्हणायचं की नाही? असं कुणी विचारलं की वॉल्टर भडकायचा. "ती विमानं किती धड होती ते मला विचार. तरी रोज चढायची ती पोरं!"

चाळीस वर्षं त्याने ती नावं जपली. अखेर त्या शेताच्या कडेला ब्राँझची पाटी बसवायची परवानगी मिळवली. त्याचे हात थरथरायचे, म्हणून पाटीचं ड्रॉइंग माझ्याकडे. पिवळ्या कागदावर पेन्सिलीने त्याने सगळं लिहून दिलं — नाव, वय, गाव, विमानातली जागा.

आमच्याकडे नियम होता: ड्रॉइंग काढणाऱ्याने ते तपासायचं नाही. तपासणारा दुसरा, त्याची सही वेगळ्या चौकटीत. त्या शुक्रवारी मला मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला पळायचं होतं. दोन्ही चौकटींत मीच सही ठोकली. वॉल्टरने विचारलं, "चेक केलंस?"

"दोनदा," मी म्हणालो.

एकदाही केलं नव्हतं. वॉल्टरचा पिवळा कागद नुसता उलटला असता तरी दिसलं असतं — मागे दहावं नाव होतं. शेपटीकडच्या बंदुकीवरचा, एकोणीस वर्षांचा.

पाटी कारखान्यातून थेट शेतावरच आली. अनावरणाला त्या पोराची बहीण आली होती, दोन दिवस बसने प्रवास करून. कापड निघालं. तिने नावांवरून बोट फिरवलं, वरून खाली. मग पुन्हा वरून खाली. मी तिथेच उभा, हातात कॉफी. वॉल्टर पुढे झाला, टोपी काढली. "चूक माझी. मी विसरलो त्याला."

मी तोंड उघडलं का? नाही. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही — मला वाचवायला. ज्याने एवढी वर्षं एकालाही विसरू दिलं नाही, तोच चारचौघांत विसराळू ठरला.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "बिचारे वॉल्टरकाका, वय झालं रे. कुणीतरी नीट चेक करायला हवं होतं ना?" मी ड्राइव्ह करत राहिलो.

सोमवारी वॉल्टरने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. छोटी पाटी, एकच नाव. ड्रॉइंग त्याने स्वतः काढलेलं, वेड्यावाकड्या रेघांचं. "चेक कर," एवढंच म्हणाला. तरीही माझ्याकडेच दिलं त्याने! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते एक नाव अक्षर अक्षर तपासलं आणि सही केली.

दोन वर्षांनी तो गेला. फ्युनरलला ती बहीण आली होती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "फार चांगला माणूस होता. माझ्या भावाला तेवढा विसरला."

मी म्हणालो, "हो."