बिसेन सरांची सळई

आमच्याकडे धानाची शेती दुसऱ्याची आणि मेहनत आमची. उन्हाळ्यात माय-बाबा तेंदूपत्ता तोडायला जंगलात जात. केशोरीहून मी गोंदियाला एम.एस्सी.ला आले, तेव्हा बाहेर घालण्यासारखा माझ्याकडे एकच ड्रेस होता. पहिल्या दिवशी भौतिकशास्त्राच्या वर्गात गेले, तर बिसेन सर फळ्याला कान लावून उभे, आणि बोटाने तो ठोकत होते. "थांबा, याले विचारून पाहतो," म्हणाले, आणि फळा भिंतीपासून नेमका कुठे सुटलाय तिथे खडूने फुली मारली.

सर सगळ्यांनाच असं विचारत. टरबुजाला, पाण्याच्या टाकीला, प्राचार्यांच्या नव्या टेबलालाही. टेबल सागाचं नाही, हे त्यांनी प्राचार्यांसमोरच सांगून टाकलं.

मला प्रोजेक्टला त्यांनी सॉर्बिटॉल दिलं. बिनसाखरेच्या गोळ्यांत असतं ते. हे शुगर अल्कोहोल आहे असं फोनवर सांगितलं, तर मायने विचारलं, कॉलेजात आता मोहाची दारू काढायला शिकवून राहिले का. काम साधं होतं. ते वितळवून झटकन गार केलं तर त्याची काच होते, रेणू नीट रचले जाऊन गोठलं तर स्फटिक. दोन्हींतून ध्वनी सोडायचा. त्याच्या वेगावरून स्थितिस्थापकता काढता येते, म्हणजे दाबलेली वस्तू किती हट्टाने मूळ आकारावर येते ते कळतं.

पण माझी काच होईचना. कुल्फीवाल्यासारखा बर्फ आणि खडेमीठ तयार ठेवावं, तर वितळलेला रस त्यात ठेवण्याआधीच पांढरा पडू लागे, म्हणजे स्फटिक. तोंडी परीक्षा जवळ आली. काच नाही तर प्रोजेक्ट नाही, आणि आणखी एक वर्ष शिकवणं घरच्यांना झेपणार नव्हतं.

शेवटी मी नीट पाहिलं. रस निवायला लागला की सर आनंदाने येत, सळई घालून टकटक करत. सळईला आधीच्या स्फटिकाचे कण चिकटलेले असत. त्या कणांवरच स्फटिक धरत होते.

"सर, तुम्हीच बिघडवून राहिले. बाहेर जा."

सरांनी सळईकडे पाहिलं आणि चष्मा घसरेपर्यंत हसले. "म्हणजे चोर मीच निघालो ना वं?" मग दोन्ही हात खिशात कोंबून लॅबच्या खिडकीबाहेर जाऊन उभे राहिले, आणि तिथून भुवयांनीच विचारत राहिले, झाली का, झाली का.

झाली. पाण्यासारखी नितळ. ध्वनी मोजला, नमुना गरम करून त्याचा पुन्हा रस केला आणि हाक मारली, "आता या सर, ठोका." सर नवरदेवाच्या ऐटीत आले. तीच सळई, तेच कण. दुसऱ्या दिवशी नळीत पांढराशुभ्र स्फटिक. त्याला काचेइतकंच गार करून मोजलं, तर ध्वनी जास्त वेगाने धावला. पदार्थ तोच, फक्त रचना बदलली आणि कडकपणा वाढला. सर व्हरांड्यात नाचले. खरंच नाचले, आणि शिपाईदादांनाही नाचायला ओढलं.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. मी प्रथम श्रेणीत एम.एस्सी. झाले, आमच्या घराण्यात एवढं शिकलेली पहिलीच. आता अर्जुनी मोरगावला बारावीला भौतिकशास्त्र शिकवते.