समुद्रातले किडे आणि हिंगोलीतली माणसं

लोक मला म्हणतात, तुमच्याकडे किस्से फार! मी काही ते जमवायला गेले नव्हते. आमच्या घरात राहिला असता तर तुमच्याकडेही साचले असते.

आमचे हे हिंगोलीच्या शाळेत सायन्सचे मास्तर. राज्य निजामाचं, आणि बाहेर मोठी लढाई चालू. मुंबईला शिकताना ह्यांना समुद्राच्या वाळूतल्या किड्यांचा नाद लागला. किडा केवढा? तिळाहून बारीक! त्याची अंडी कशी होतात, अंड्यात पिल्लू कसं घडतं, हे बारीक जीव मोठा करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून बघायचं. समुद्र लांब तिकडे कोकणात. सुट्टीत जाऊन किडे आणायचे आणि वर्षभर पसारा माझ्या घरात!

*

एका उन्हाळ्यात ह्यांनी चिनी मातीच्या बरणीत समुद्राचं पाणी आणलं. आगगाडीत मांडीवर धरून! आत जिवंत किडे, अंड्यांवर आलेले. थंड जागा म्हणून बरणी देवघरात ठेवली आणि शाळेत गेले.

संध्याकाळी बघतात तर बरणी रिकामी.

"आई, पाणी कुठंय?"

"आरं, समुद्राचं तीर्थ ते! गाडी औंढ्याला चालली होती, नागनाथासाठी धाडलं," सासूबाई म्हणाल्या.

"समदं?"

"न्हाई रे. राहिलेलं आळीत वाटलं. जरा खारट लागलं म्हनले."

हे त्या रात्री जेवले नाहीत. सासूबाई मला म्हणाल्या, "बघ, पोरगं कसं सुधारलं. उपास धरलाय!"

*

पुढच्या वर्षीचे किडे मेलेलेच आणले, स्पिरिटमध्ये घालून. एकेक किडा मेणात बसवायचा, वस्तऱ्यानं त्याचे पापुद्र्यासारखे काप काढायचे आणि ओळीनं काचेवर मांडायचे. घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही! वस्तऱ्याला धार लावून द्यायचा दाजिबा न्हावी. त्याला एकच कोडं.

"मास्तर, दाढी तर तुमची वाढलेलीच. मंग वस्तरा चालवता कुनावर?"

"किड्यावर."

"किड्याला दाढी येती?"

एकदा सगळे काप मनासारखे निघाले. हे श्वास रोखून बसलेले. तेवढ्यात दाजिबानं दार धाडकन उघडलं, वारा आत आला आणि आठवड्याची मेहनत छपराला जाऊन चिकटली.

"धार बराबर हाय का, मास्तर?"

हे छपराकडे बघत म्हणाले, "बराबर आहे."

*

तांड्यावरचा धनसिंग मात्र मोठ्या मायेनं आला. मास्तर किडे जमवतो असं त्यानं ऐकलं होतं. पळसाच्या पानात त्यानं बैलाच्या पोटातला जंत आणला. हातभर! ह्यांनी हात जोडून सांगितलं, "बाबा, मला समुद्रातला लागतो."

धनसिंग म्हणाला, "मंग सुट्टीत जाशील तवा तिथं सोड, अन् उचलून आन!"

*

लढाईमुळे स्पिरिट मिळेना. कशीबशी एक बाटली मिळाली, ती किड्यांच्या बरणीत ओतली, तर आबकारीचा जमादार दारात!

"मास्तरसाब, घर में शराब रखते?"

"शराब नाही, स्पिरिट आहे. किड्यांसाठी."

जमादारानं बरणी उघडून वास घेतला. खूश झाला. मग तळाचा पांढरा गाळ दिसला.

"ये क्या है?"

"अंडे."

"किसके?"

"कीडों के."

जमादारानं बरणी खाली ठेवली आणि हात पुसतच गेला. स्पिरिट वाचलं, पण मास्तर किड्यांची दारू पितो, ही बातमी गावभर झाली. बायका माझ्याकडे बघून हळहळायच्या. कळमनुरीच्या बाजारात एका अनोळखी म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"पोरी, माझा बी प्यायचा. पन किडे न्हाई गं घातले त्यानं कधी!"

*

आणि ते पाटील. जवळच्याच खेड्यातले. सकाळीच गाडी जोडून आले. सोबत पाटलीणबाई आणि सून मथुरा. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पोटी लेकरू नाही. मास्तर लेकरं कशी घडतात ते दुर्बिणीतून बघतो, एवढंच पाटलांच्या कानावर गेलेलं.

"सुनेला औषध द्या. न्हाई तर पोराची दुसरी सोयरीक पाहून राहिलो आमी."

हे कावले. "अहो पाटील, मी डॉक्टर नाही! मी किडे बघतो!"

"मंग किडे तरी दावा. गाडी जोडून आलो."

ह्यांनी चडफडत काच लावली. पाटलांनी पाहिलं, पाटलीणबाईंनी पाहिलं. मथुरा कोपऱ्यात पदर ओढून उभी. मीच तिला हाताला धरून खिडकीतल्या दुर्बिणीशी आणलं. तिनं डोळा लावला तो काढीचना.

"ह्यातला गडी कोंता?" तिनं मला हळूच विचारलं. मी ह्यांना विचारलं.

"तो बारका ठिपका. ह्या जातीत नर इवलासाच. मादी मोठी."

"अन् अंडी?"

"अंडी मादीची. पण नराचं बीज मिळालं नाही तर त्यातून काही होत नाही. तशीच विरून जातात."

डोळा न काढता मथुरा म्हणाली, "मंग तिथं दुसरी मादी आनतेत का?"

"गप गं!" पाटलीणबाई कडाडल्या.

पाटील उठले. पुन्हा दुर्बिणीशी वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग ह्यांच्या अगदी जवळ येऊन, आवाज खाली करून म्हणाले, "मास्तर, मान्साचं बीज बी दिसतं का ह्याच्यात?"

"दिसतं."

पाटलांनी पटका सारखा केला, दारात गेले आणि गाडीवानाला हाळी दिली, "बैल सोडू नगं रे! गावाकडं जाय अन् आमच्या पोराला घेऊन ये! तवर आमी हितंच हावोत!"