चारुदत्त पेंडशांचा गोंगाट

वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात ब्रेक तपासणारे चारुदत्त पेंडसे म्हणजे शिस्तीचा माणूस. रविवारी काचेची बाटली रस्त्यावरच्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकत नाहीत. खळ्ळकन आवाज होतो, शेजारच्यांना त्रास. अशा माणसाला गॅरेज रॉक नावाच्या गोंगाटी संगीताने कसं झपाटलं, हे नंदाताईंना संसाराच्या अठ्ठावीस वर्षांत कळलेलं नाही.

जर्मनीत नवे असताना त्यांनी फ्लोमार्क्टात, म्हणजे जुन्या बाजारात, एक रेकॉर्ड प्लेअर घेतला. विकणाऱ्याने वर चार ओरखडलेल्या तबकड्या फुकट दिल्या. घरी लावून पाहतात तर गिटार खरखरतेय, ड्रम एकटाच पुढे पळतोय, गाणारा सर्दी झाल्यासारखा ओरडतोय, आणि मागून एक स्वस्तातला ऑर्गन सगळ्यांना ढुशा देतोय. सांगलीला नऊ वर्षं पेटी शिकलेल्या चारुदत्तांना वाटलं, हे साफ चुकतंय. खात्री करायला त्यांनी पुन्हा लावली. खात्री करता करता आज कपाटात सहाशे तबकड्या झाल्यात.

गेल्या वर्षी त्यांच्या खात्यातला निवृत्त फोरमन उवे याच्या बँडमधला ऑर्गनवाला नातवंडांजवळ बॉनला राहायला गेला. उवे म्हणाला, "चार शनिवार माझ्या गॅरेजमध्ये ये. मग ठरवू."

इतकी वर्षं जे नुसतं ऐकलं, ते वाजवायची अठ्ठावन्नाव्या वर्षी आलेली ही पहिली संधी, आणि बहुधा शेवटचीच. चारुदत्तांची झोप उडाली.

पहिले तीन शनिवार मात्र फजितीत गेले. डावा हात सवयीने पेटीचा भाता शोधायचा. उजवा हात जिथे एक सूर पुरे तिथे मुरकी घ्यायचा. तिसऱ्या शनिवारी ड्रम वाजवणाऱ्या उवेने काठ्या खाली ठेवल्या.

"चारू, तू फार सुंदर वाजवतोस."

"आभारी आहे."

"आल्झो, म्हणजे बघ, तीच तर अडचण आहे."

चौथ्या शनिवारच्या आधी तिथल्या मराठी मंडळाचा गणपती आला. पेटीवर अर्थातच चारुदत्त. आरती सुरू झाली. पुरुष एका पट्टीत, बायका दुसऱ्या, झांजा तिसऱ्याच लयीत. तिसऱ्या कडव्याला वेग दुप्पट झाला, आणि जिथे शब्द आठवेनात तिथे सगळ्यांनी आवाज आणखी चढवला. चारुदत्तांच्या मुरक्या कुणाच्या कानापर्यंत पोचेनात. शेवटी त्यांनी मुरक्या सोडल्या, स्वर घट्ट दाबून धरले आणि आरतीच्या मागे धावत सुटले. घाम आला. मजाही आली.

आरती संपल्यावर लेक नैना नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, हे अगदी तुझ्या रेकॉर्डसारखं वाजत होतं."

चारुदत्त तबक हातात घेऊन उभेच राहिले. शेजारच्या मुक्ताकाकूंनी दोनदा प्रसाद मागितला तेव्हा भानावर आले.

शनिवारी ते उवेच्या गॅरेजमध्ये ऑर्गनपुढे आरतीच्या पेटीवर बसल्यासारखे बसले. डोकं बाजूला ठेवलं, तीन स्वर पकडले आणि ड्रमच्या पुढे जायला निघाले. उवे त्यांना गाठायला धावला. गाणं संपलं तेव्हा दोघं धापा टाकत होते.

"गेनाऊ," उवे म्हणाला. "हेच. इतके दिवस कुठे लपवलं होतंस?"

"देवापुढे," चारुदत्त म्हणाले.

घरी नंदाताई दारातच होत्या. "अहो, घेतलं का तुम्हाला?"

"घेतलं. दर शनिवारी जायचं."

"बाई, सुटले," नंदाताई म्हणाल्या. "नसतं घेतलं, तर तो ऑर्गन घरात आला असता." आणि त्यांनी शेवयांची खीर पुढे केली. ती सकाळीच करून ठेवलेली होती.